भुलीत फोडलेली सुपारी

माझ्या पोटातून काढलेला मुतखडा मी रोज नव्यानं पाहत होतो. बायकोनं तो एका चिंधीत बांधून कोनाड्यात ठेवला होता. मी विचारायचो, "काढला का गं खडा?" ती गाठ सोडून दाखवायची. मी म्हणायचो, "अबब, केवढा!" आणि जेवण झालं की पुन्हा तेच. शेवटी एकदा वैतागून ती म्हणाली, "अवं, ह्यो खडा माज्या वळकीचा झाला. तुमच्या वळकीचा कदी व्हनार?"

प्लेगाची पहिली वर्षं सरून लोक रानातल्या झोपड्यांमधून पुन्हा गावात राहायला आले होते, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव राजुरी. खड्यानं मला दोन पावसाळे लोळवलं. पाला झाला, काढे झाले, लेण्याद्रीच्या गणपतीला नवस झाला, आणि कळ काही थांबेना. जुन्नरला माझा एक दोस्त होता, हातानं कागद बनवणाऱ्या मुसलमान घरातला. त्यानं मला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेऊन टाकलं. पुण्याहून मोठे डॉक्टर आले होते. नाकावर फडकं आलं, गोडसर वास आला. डॉक्टर म्हणाले, आकडे म्हणा. मी आकडे सोडून शिव्याच म्हणत गेलो, आणि त्याही फर्मास होत्या, असं दोस्त पुढं कितीतरी वर्षं ज्याला त्याला सांगत असे.

जागा झालो तेव्हा कळ गेली होती. पण तिच्याबरोबर आणखीही काहीतरी गेलं होतं, आणि ते काय हे सांगायलाच मी जागेवर नव्हतो.

इथं थोडी बढाई मारतो, कारण त्याशिवाय माझा जीव का तळमळला ते कळणार नाही. मी तापट माणूस, हे गाव जाणून होतं. पण माझ्या आठवणीपुढं गाव मान तुकवत असे. बांध कुठून कुठं सरकला, कुणाच्या लग्नात कोण रुसून उठलं, कोणती गाय कुणाच्या गोठ्यातून आली, हे मला विचारायला लोक यायचे. तोच मी आता दोनदा जेवून उठायचो आणि मला उपाशी ठेवलं म्हणून भांडायचो. वारलेल्या आईला हाका मारायचो. थोडं हिंडाफिरायला लागलो तेव्हा हौसेनं मोटेवर गेलो. बैल धावेच्या टोकाशी पोचले, मोट वर येऊन पाणी थारोळ्यात पडलं, आणि आता बैल मागं घ्यायचे एवढं मला सुचेना. बैल बिचारे वळून वळून माझ्याकडं बघत उभे. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हळूहळू धुकं विरलं. खडा माझ्या ओळखीचा झाला. मोट चालू लागली. मला वाटलं, सुटलो.

बायको मात्र त्या दिवसांत माझ्याशी धड बोलत नव्हती. माझं दुखणं काढून थकली असेल, असं मी समजलो. एके सकाळी ती अंगण सारवता सारवता मान वर न करता म्हणाली, "आठ दिसांनी निमगाव सावाचं पावणं येत्यात. लग्नाची तिथ धरायला."

"कुनाच्या लग्नाची?"

तिचा हात थांबला. "आता ह्ये बी इचारा. आपल्या लेकीच्या."

मला हसू आलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि हसू विरलं.

तिनं सांगितलं ते असं. दवाखान्यातून मला घरी आणल्यावर लोक समाचाराला येत होते. त्यात निमगाव सावाचा एक शेतकरी आपल्या चुलत्याला घेऊन आला. चुलत्यानं पुतण्यासाठी आमच्या लेकीचा विषय काढला. मी ओसरीवर तक्क्याला टेकून बसलो होतो. मी सुपारी मागितली, स्वतःच्या हातानं फोडली, गूळ वाटायला लावला. जुन्नरचा दोस्तही तेव्हा तिथं होता. आमच्यात चार माणसांदेखत सुपारी फुटली की पोर दिली. मग आभाळ कोसळलं तरी बाप मागं फिरत नाही.

"आन तो बिजवर हाये," बायको म्हणाली. "पैली बायकू प्लेगात गेली. पदरात ल्हान लेकरू हाये. माज्या भावाचं पोरगं आंबेगावाकडं वाट बघत बसलंय, कोवळं, बिनलग्नाचं. पर माज्या म्हायारचं तुमाला कदी चांगलं दिसलंय? म्हनून बिजवराच्या गळ्यात बांदलीत माजी पोर."

"मी शुद्धीवर व्हतो का?"

"चांगलं चुरूचुरू बोलत व्हता."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. प्लेगाच्या धावपळीत पोरीचं लग्न मागं पडलं होतं, गावाच्या लेखी ती घोडनवरी झाली होती, हे खरं. मेव्हण्याच्या पोराबद्दल माझं मन घेत नव्हतं, हेही खरं. पण माझी एकुलती एक लेक मी बिजवराला देईन? आणि दिली, तर ती देताना मी कुठं होतो? माझ्या ओसरीवर, माझ्या तक्क्याला टेकून, माझ्याच तोंडानं बोलणारा तो कोण होता? त्याचा मला असा संताप आला की समोर असता तर मी त्याला चाबकानं फोडलं असतं.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. ओसरीवर जाऊन त्याच जागी टेकायचो, डोळे मिटायचो, काही आठवतं का बघायचो. अडकित्ता हातात घ्यायचो. काही नाही, नुसता अडकित्ता. मग दुसरीच धास्ती बसली. पोर देऊन बसलो, तसं आणखी काय काय देऊन बसलो असेन? गोठ्यात जाऊन बैल पाहिले. विहिरीत भाऊबंदांचा वाटा वाढवून तर दिला नाही ना, म्हणून चुलतभावाला आडून आडून विचारलं. तो माझ्याकडं असा बघत राहिला की मी तिथून पळच काढला. घरी येऊन बायकोला पुन्हा विचारलं, पाहुणे काय बोलले होते, मी काय बोललो होतो. ती दर वेळी तेच सांगायची, आणि सांगताना मध्येच कुठंतरी अडखळायची. ती काहीतरी गिळते आहे असं मला वाटायचं. मग भांडण व्हायचं. लेक आमच्या दोघांमधून खाली मान घालून पाण्याला जायची.

चार दिवसांनी मी गाडी जुंपून जुन्नरला दोस्ताकडं गेलो. तो हौदात साचा बुडवून ओला कागद उचलत होता. मला म्हणाला, "बस. शिव्या नगं देऊस म्हंजी झालं."

मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "खरं सांग. मी त्या दिवशी येडा व्हतो का न्हाई?"

त्यानं साचा खाली ठेवला आणि हात पुसले. "राव, तुला बैल म्हनायचं का घोडा म्हनायचं ते बी सुचत नव्हतं. मला तू दोनदा डाक्टर म्हनालास. पर त्या कामापुरता तुला मी इतका शाना कदीच पायला न्हाई."

"म्हंजी काय?"

"त्ये मी सांगनार न्हाई. तुज्या घरातलं हाय. तुज्या लेकीला इचार."

"पोरीला काय इचारायचं? तिला काय कळतं?"

तो हसला. मग त्यानं पुन्हा साचा उचलला. मला त्याचा भयंकर राग आला. गाडी हाकत परतलो तो सगळी वाट मनात त्याच्याशी भांडत आलो. सरळ सांगायला याचं काय जात होतं? आणि पोरीला विचारायचं, हे कुठलं नवीन शास्त्र? आमच्या घरात कोणत्या पोरीला कोणी विचारलं होतं?

गाव दिसेपर्यंत माझं ठरलं होतं. पाहुणे तिथ धरायला येण्याआधी आपणच निमगावला जायचं, पागोटं त्यांच्या पायावर ठेवायचं आणि सांगायचं की तो शब्द माझा नव्हता, भुलीच्या औषधाचा होता. लोक थुंकतील. फुटलेली सुपारी मागं घेणारा बाप म्हणून नाव होईल, पोरीलाही बोल लागेल. पण न आठवणाऱ्या शब्दावर मी तिचा जन्म बांधणार नाही. बायकोला सांगितलं, तर तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. तिनं उत्साहानं माझं पागोटं काढून दिलं.

सकाळी गाडी जुंपत होतो. लेक फडक्यात भाकरी बांधून घेऊन आली. गाठोडं गाडीत ठेवलं आणि चाकाला हात लावून तिथंच उभी राहिली.

"आबा, निमगावाला चाल्ला का?"

"व्हय."

"सुपारी मागं घ्यायला?"

मी जोखडाच्या सापत्या बैलाच्या गळ्यात अडकवत होतो. "भुलीत फोडलीय ती मी. मला आठवत बी न्हाई. तुज्या जल्माची माती व्हऊ देनार न्हाई."

ती चाकाकडं बघू लागली. मग म्हणाली, "आबा, तुमी त्या दिशी त्यास्नी इचारलं व्हतं."

"काय इचारलं?"

"प्लेगात बायकूपाशी कोन व्हतं, म्हनून. त्यो म्हातारा गडबडला. पर त्ये सोता म्हनले, मीच व्हतो. समदी रानात पळाली, मी न्हाई गेलो. शेवटापतूर पानी पाजलं तिला." ती चाकाकडंच बघत होती. "मग तुमी मला हाक मारलीत. समद्यांच्या म्होरं."

"तुला? पावन्यांदेखत?"

"व्हय. आय आतून नगं नगं करत व्हती. तुमी मला जवळ बसवलंत. डोक्यावर हात ठेवलात. आन म्हनालात, बाय, ह्यो मानूस आपलं मानूस टाकून पळाला न्हाई. लेकरू हाये त्याच्या पदरात. तुला चालंल का? तुला चालत नसंल तर मी सुपारी फोडीत न्हाई."

माझ्या हातातली सापती तशीच राहिली.

"आन तू काय म्हनालीस?"

"व्हय म्हनले. मग तुमी सुपारी फोडली." तिचे डोळे भरून आले होते. "आयनं शपथ घातली, ह्ये कुनाला सांगायचं न्हाई म्हनून. पोरीला पावन्यांत बसवून इचारलं, लोक काय म्हनतील? भुलीचं याड म्हनली ती."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. बायको तिथं उभी होती. ती आत निघून गेली.

लेकीच्या डोक्यावर हात ठेवावा असं मनात आलं, पण हात उचलेना. शुद्धीवरच्या माणसाला तसली सवय नव्हती. मी घसा खाकरला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, हुकूम सोडावा तसं म्हणालो, "मग, आता काय म्हननं हाय तुजं? चालंल का न्हाई?"

ती पदरानं डोळे पुसत हसली. "एकदा सांगितलं की, आबा. तवा किती मायेनं इचारलं व्हतं तुमी."

मी बैल सोडले. पाहुणे आले, तिथ धरली, लग्न झालं. जावई बोलायला कमी आणि कामाला वाघ निघाला. त्या लेकरानं लेकीला आई म्हणायला वेळ लावला नाही. बायकोनं पुढं माझ्याजवळ कधी हा विषय काढला नाही, पण जावई आला की त्याच्या ताटात तुपाची धार जरा जास्तच पडायची.

खडा केव्हाच उकिरड्यावर गेला. माझी बाकीची आठवणही पूर्वीसारखी लखलखीत झाली, आणि बांधाच्या भांडणांसाठी लोक पुन्हा माझ्याकडं येऊ लागले. एवढी एक दुपार मात्र परत आली नाही. लेक माहेराला आली की मी काहीतरी निमित्त काढून तिला ओसरीवर बसवतो आणि म्हणतो, "सांग बरं, कसं इचारलं व्हतं मी तुला?" ती कंटाळत नाही. पहिल्यापासून सगळं सांगते, हात कुठं ठेवला होता तेही दाखवते. मी दर वेळी तिच्याकडं बघत ऐकतो, आणि ती बोलायची थांबली की विचारतो, "आन मग तू काय म्हनालीस?"