बी.ए. दाजी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, आधी बी.ए. झाले आणि मग पास झाले. मधे वीसेक वर्षं गेली.

त्याचं असं झालं. आमच्याकडे लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावापुढे कंसात शिक्षण छापतात. दाजींची शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता आणि मुहूर्त मात्र निघाला होता. "निकालाला काय हुतंय," म्हणत त्यांच्या वडिलांनी कंसात बी.ए. छापून टाकलं. लग्न लागलं, मांडव उतरला आणि निकाल आला. इंग्रजी राहिलं होतं. तोवर आमचे अण्णा, म्हणजे वडील, डोंगरकडा गावभर सांगून मोकळे झाले होते, "जावई बी.ए. हाय." त्यापायी त्यांनी भरपूर शेतीवाली दोन स्थळं परत पाठवली होती.

दाजींचं औंढ्याला देवळाच्या वाटेवर नारळ-पेढ्यांचं दुकान. माणूस इतका सरळ, की नासका नारळ गेल्याचा संशय आला तर गिऱ्हाईक भांडायला यायच्या आत दुसरा काढून ठेवणार. असल्या माणसाला पत्रिकेतलं खोटं पचणार कसं? "पत्रिका काय परत छापता येती व्हय? मलाच पास व्हावं लागंल," असं ते मला म्हणायचे. अण्णांना कळायच्या आत पास व्हायचं, हा एकच ध्यास. अक्का आणि मी तोंड शिवून बसलो.

पण दाजींची तयारी झाली रे झाली, की विद्यापीठ नियम बदलायचं. वार्षिक परीक्षा सहामाही झाली आणि इंग्रजीच्या एका पेपरचे दोन झाले. "एक निघंना म्हणून जुळं दिलं," दाजी म्हणाले. त्यातला एक निघाला तोच पर्यावरण सक्तीचं झालं, प्रकल्पासकट. दाजी सिद्धेश्वर धरणावर गेले, मासेमारांत दिवसभर बसले आणि माशांवर प्रकल्प लिहून आले. स्वतः माळकरी, पण कोणत्या माशाला किती तिखट लागतं तेही लिहिलं. सरांनी गुण भरपूर दिले आणि प्रकल्प घरी नेला.

पुढे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आले. "हे किलोवर असत्यात का नगावर?" दाजींनी कॉलेजातल्या क्लार्कला विचारलं. मग नवं शैक्षणिक धोरण आलं. क्लार्कने समजावलं, की एक वर्ष शिकून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. दाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"साहेब, मी तर वीस वर्षं सोडलंच न्हाई. मला काय मिळतं?"

क्लार्कने हसत हसत चहा मागवला. पण त्यानेच सांगितलं, की जुन्या विद्यार्थ्यांना येती परीक्षा ही शेवटची संधी. नंतर पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. अण्णा तेव्हा फार थकले होते. "अण्णा हाईत तवर झालं पाहिजे रे," दाजी मला म्हणाले.

मग काय विचारता! अक्का वजन करता करता शब्द विचारायची. गिऱ्हाइकाने नारळ मागितला की दाजी कर्मणी प्रयोगाचा सराव करत, "द कोकोनट इज गिव्हन बाय मी!" भाविक घाबरून सुटे पैसे न घेताच देवळाकडे पळत.

आणि दाजी पास झाले. आनंदाने मला फोन केला आणि मधेच थबकले. आता हे सांगायचं कुणाला? सासरवाडीत तर ते कधीचेच बी.ए.! पण आनंद पोटात राहीना. शेवटी पेढ्यांचा पुडा घेऊन डोंगरकड्याला आले.

अण्णा बाजेवर पडून होते. "पेढे कशाचे?"

दाजी अडखळले. "म्हैस व्यायली."

अण्णांनी पेढा तोंडात टाकला आणि सावकाश चघळला. "ब्येस झालं. कोणत्या क्लासात पास झाली?"

अक्काने तोंडाला पदर लावला. दाजींच्या तोंडून कसंबसं "सेकंड" निघालं आणि ते अण्णांच्या पायावर डोकं ठेवून लेकरासारखे रडू लागले.

"काहून रडून राहिले? लग्नाच्या साली निकाल लागला तवाच कळलं व्हतं आमाला," अण्णा म्हणाले. "म्हटलं, जावई लाजून राहिले, आपण कशाला तकलीफ द्यायची?" मग त्यांनी आणखी एक पेढा मागितला. त्यांची रक्तातली साखर वाढलेली होती. पण कुणीच आडवं आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात अण्णा गेले. तेराव्याची पंगत उठल्यावर दाजी माझ्याजवळ येऊन बसले.

"मी जलमभर त्यायच्यापासून लपवून राहिलो," ते म्हणाले, "अन् ते मला कळू न देता सांभाळून राहिले."