दोन कानांत चार दिशा

आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढाव्या लागत. मशीनला धूळ चालत नाही, असं त्या काळी सगळेच सांगायचे. धूळ उंबऱ्यावर थांबली, किस्से मात्र चपलांसकट आत आले! बेलापूरच्या पेठेतल्या त्या एका गाळ्यात इतके साठलेत की एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. आज फक्त हेडफोनचे काढतो. खोटं वाटलं तर दिलीपला विचारा. आणि तो ‘असं काही झालंच नाही’ म्हणाला, तर समजा की लाजतोय.

दिलीप माझा मित्र आणि भागीदार. म्हणजे कॉम्प्युटर त्याचे. खुर्च्या आणि पंखा माझा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सकाळी आम्ही पोरांना टायपिंग आणि हिशेब शिकवायचो, दुपारी तासावर गेम खेळायला द्यायचो. खरं पोट दुपारवरच चालायचं.

गाळा अण्णांचा. अण्णा वरच्या मजल्यावर राहायचे. कालव्याच्या पाण्यावर त्यांचा ऊस, आणि दुपारी जेवून आडवं व्हायची सवय. नेमक्या त्याच वेळी खाली आमचे मोठे स्पीकर गोळ्या झाडायचे.

एक दिवस अण्णा पानाचा डबा घेऊन खाली आले.

“दिल्या, तुज्या बंदुकीनं ह्याचं झाकन उडालं!”

“अण्णा, ती गेममधली बंदूक आहे.”

“झाकन तर खरं हाय ना? संक्रांत झाली की गाळा रिकामा! किल्ली माज्या हातात पायजे!”

आम्ही हादरलो. पेठेत दुसरा गाळा मिळणं अशक्य. त्यात दिलीपचं लग्न नुकतंच ठरलेलं, आणि ते ठरलं होतं ‘मुलाचा पेठेत क्लास आहे’ एवढ्या एकाच वाक्यावर!

* * *

उपाय म्हणून दिलीप पुण्याला हेडफोन आणायला गेला, तो एक साऊंड कार्डही घेऊन आला. चेहरा पांढराफटक.

“अरे, दुकानदाराने माझ्या कानाला लावून दाखवलं. हेडफोनला दोनच बाजू. पण आवाज मागून येतो! मी दुकानात मागे वळून बघितलं, तर मागे भिंत!”

मी म्हटलं, “दोन कानांत चार दिशा? उन्हात फिरलास का?”

कार्ड बसवलं. सीडी टाकली. पडद्यावर प्रश्न आला : आवाज कुठून ऐकणार? दोन स्पीकर, चार स्पीकर की हेडफोन? आता आपल्याकडे कमी कोण मागणार! कानावर हेडफोन असूनही आम्ही ठणकावून ‘चार स्पीकर’ घेतले. मागचा शत्रू गडपच झाला, आणि पुढचा रिकाम्या टँकरमध्ये बसून बोलल्यासारखा वाटायला लागला. दोन दिवस आम्ही दुकानदाराच्या नावाने शंख केला. तिसऱ्या दिवशी कंटाळून ‘हेडफोन’ निवडलं, शेजारच्या ‘थ्री-डी’च्या चौकोनात टिक मारली, आणि दिलीपने हेडफोन पुन्हा डोक्यावर चढवला.

गेममध्ये अंधारा बोळ. दिलीप सावकाश पुढे चाललाय. एकदम तो खुर्चीसकट मागे फिरला आणि रिकाम्या दाराकडे बघून किंचाळला, “कोण ए?”

खुर्चीचा पाय मोडला. खुर्ची माझी!

वरून अण्णांचा आवाज आला, “आरं, आधी मशीन वरडत हुतं, आता मान्सं वरडत्यात! संक्रांत म्हन्जे संक्रांत!”

* * *

बातमी पेठभर झाली. एके दुपारी तालमीतला पैलवान आला. “कुठंय तुमचं भूत? दाखवा.”

दिलीपने हेडफोन लावून दिला आणि पाहुणा मोठा म्हणून चहा आणायला गेला. मी पैलवानाला सांगत होतो की काहीही झालं तरी मागे बघायचं नाही, ते सगळं खोटं असतं. हेडफोन कानावर, त्याला काय ऐकू जाणार!

पाच मिनिटांनी त्याच्या कानात पावलं वाजली. मागून, उजव्या खांद्याशी. आणि नेमका त्याच क्षणी दिलीप चहाचा कप घेऊन मागून, उजव्या खांद्याशी आला.

पैलवान बसल्या जागेवरून उठला नाही. त्याने नुसता हात मागे टाकला, आणि दिलीप टेबलावरून कीबोर्डवर चितपट! चहा माझ्या पंख्यापर्यंत उडाला.

पैलवानाने हेडफोन काढला, समोर पसरलेल्या दिलीपकडे बघितलं आणि थक्क होऊन मला विचारलं, “ह्यो आतनं भाएर आला का?”

त्या दिवशी आम्ही भिंतीवर पाटी लावली : ‘खेळणाऱ्याच्या मागे उभे राहू नये.’

* * *

मग पैजच लागायला लागली. मागे न बघता जो बोळ पार करेल, त्याला भेळ. भेळवाल्याची एक पुडी म्हणून खपली नाही. सगळे वळले! एका शिक्षकांनी तर वळून ‘वर्गात कोण चालतंय?’ असंही विचारलं.

शेवटी दिलीपचे दाजी आले. म्हणजे त्याच्या बहिणीचे यजमान, गाव शनिशिंगणापूर. सुपारी चघळत बसले. बोळ सुरू झाला. आम्ही पाठीमागे, म्हणजे पाटीप्रमाणे लांब, श्वास धरून उभे.

पावलं वाजली असणार, कारण दाजींची मान जराशी हलली. पण वळले नाहीत. पडद्यावरून नजर न काढता, मोठ्या अदबीने म्हणाले, “या, बसा.”

आम्ही गार!

“दाजी, भीती नाही वाटली?”

“भ्यायचं काय त्यात? आमच्या घराला दारच न्हाई. मानूस आलं की पाऊल वाजनारच. न वाजता आलं, तर मग बघू. भेळ कुठंय?”

* * *

आमच्या भजनी मंडळाचे बुवा फार करड्या शिस्तीचे. ‘मशीनचा हेडफोन’ त्यांना मान्य नव्हता. पण मंडळाची रेकॉर्ड केलेली कॅसेट त्यांना या हेडफोनवर ऐकायची होती, म्हणून चपला काढून, पाय पुसून आत आले.

त्या कार्डात एक गंमत होती. आवाज कुठल्या जागेत घुमवायचा ते निवडता यायचं. गुहा, सभागृह, विमानाची शेड, अशी यादी. दिलीपने टेपरेकॉर्डर जोडला आणि एकेक जागा लावत गेला. सभागृहात बुवांनी नाक मुरडलं. गुहेत म्हणाले, “पखवाज बुडाला.” मग चौथं काहीतरी लागलं, आणि बुवांचे डोळे भरून आले!

“हा! हाच! रोज पहाटे मला माझा आवाज असाच ऐकू येतो. जगाला मात्र कधी ऐकू गेला नाही. कुठलं देऊळ आहे हे?”

दिलीपने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. बुवांनी चष्मा लावून स्वतःच वाचलं. ‘बाथरूम.’

बुवा ताडकन उठले. “शिव शिव! पांडुरंगाचं नाव आणि न्हाणीत?” दारापर्यंत गेले. एका पायात चप्पल घातली. थांबले. परत आले.

हळूच म्हणाले, “दिलीप, नाव बदलता येतं का? आवाज तोच ठेव.”

* * *

संक्रांत झाली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी अण्णा खाली आले आणि हात पुढे केला. दिलीपने किल्ली टेबलावर ठेवली, शेजारी तिळगुळाची वाटी. त्याचे होणारे सासरे पुढच्या आठवड्यात क्लास बघायला येणार होते.

मी म्हटलं, “अण्णा, ज्याच्यापायी आम्हाला घालवताय, ते एकदा ऐका तरी.”

“बंदूक नको.”

“बंदूक नाही.”

दिलीपने गेममधली एक शांत जागा काढली. रस्त्याखालची दगडी मोरी आणि तिच्याखालून वाहणारं पाणी. गेममधला माणूस काठावर नुसता उभा केला आणि हेडफोन अण्णांच्या टोपीवरून चढवला.

अण्णा दचकले. हेडफोन काढला, मागे बघितलं, वाकून खुर्चीखाली बघितलं. पुन्हा लावला.

“आरं, पानी हाय! डाव्या अंगानं येतंय, मागनं चाललंय!”

मग बसूनच राहिले. डोळे मिटले. कालव्याला तेव्हा आवर्तन सुटलेलं होतं आणि त्या दिवशी पाणी घ्यायची पाळी अण्णांची होती. उसाला पाणी द्यायला गडी शेतात ठेवून ते आमच्याकडे आले होते. पंधरा-वीस मिनिटं गेली. आम्हाला वाटलं, झोपले.

एकदम डोळे उघडले. “पानी तुटलं!”

“अण्णा, चालू आहे. हे बघा ना, पडद्यावर वाहतंय.”

“तुटलं म्हन्तो ना!”

हेडफोन फेकला आणि अण्णा धावत सुटले. चपला दारातच राहिल्या. मोपेडला किक मारल्याचा आवाज आला, आणि गेले!

दिलीपने हेडफोन कानाला लावला. मग मी लावला. पाणी मोरीखालून वाहत होतं. डावीकडून यायचं, मागून जायचं. कुठेही खंड नाही.

संध्याकाळी अण्णा परत आले. गुडघ्यापर्यंत चिखल.

“गडी बांधावर झोपला हुता,” ते म्हणाले. “वरच्या शेजाऱ्यानं माजा पाट फोडून पानी कांद्यात घेतलं. मी गेलो तवा फावडं त्याच्या हातातच हुतं. आत्ताच फोडलं म्हनला.”



अण्णांनी टेबलावरची किल्ली बोटाने दिलीपकडे सरकवली. तिळगुळाचा एक लाडू तोंडात टाकला. मग हेडफोन उचलून, धोतराच्या सोग्याने पुसून, मशीनवर नीट ठेवला.

“उद्या दुपारपत्तुर पानी माजंच हाय,” ते म्हणाले. “तवर ह्ये मशीन कुनाला देऊ नको.”