आईचं वावर आणि नरनाळ्याचं तळं

अकोट मागे पडलं, डोंगर जवळ येऊ लागला आणि आई गाडीच्या काचेला नाक लावून बसली. खरं तर तिच्याहून मीच उतावीळ झाले होते. शहरातून, राजापेठेतल्या माझ्या घरून पहाटेच निघाले होते आणि गावातून तिला घेतलं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून वावरात निंदताना तिच्या समोर हाच नरनाळ्याचा डोंगर. वर किल्ला आहे, तळं आहे, तिथून आपलं वावरही दिसत असेल, हे तिचं कायमचं वेड. आणि बाबांचं दर वर्षी एकच, पुढच्या साली पाहू. आता तिच्या गुडघ्यांनी बोंब मारायला सुरुवात केली होती. या साली नाही तर कधीच नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. बाबा घरीच राहिले.

जंगलाच्या फाटकावर रक्षकानं डिक्की उघडायला लावली. आत गोवऱ्यांचं पोतं! तळ्याकाठी निखाऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे म्हणून ही माउली वाघाच्या जंगलात गोवऱ्या घेऊन निघाली होती. मी कपाळाला हात लावला. इथं काडीसुद्धा पेटवता येत नाही, म्हणत त्यानं पोतं ठेवून घेतलं. येताना परत न्यायचंय, असं आईनं त्याला दोनदा बजावलं.

घाटात प्रत्येक वळणावर मी आनंदानं ओरडत होते आणि आई मला समोर पाहून गाडी चालवायला सांगत होती. पुढे पायवाट लागली. चढावर ती गुडघा धरून मटकन बसली. परत जाऊ म्हटलं तर माझ्यावरच डाफरली आणि खांदा धरून उठली. सागाच्या झाडांतून बाहेर आलो तर समोर तळं! अहाहा, काय थंडगार पाणी! मी पाय सोडून बसले. आईनं मात्र पाणी डोळ्यांना लावलं आणि तडक किल्ल्याच्या तटाकडे निघाली. खाली सगळं धुरकट, सगळी शेतं सारखीच. खूप शोधलं, पण आमचं वावर काही सापडलं नाही. उतरतानाही ती वळणावळणावर थांबून खाली शोधत होती. मलाही फार वाईट वाटलं.

फाटकावरून पोतं घेतलं. आईनं गाडी थेट वावरात न्यायला लावली, बाबांनाही बोलावून घेतलं. बांधावर गोवऱ्या पेटल्या, निखाऱ्यांवर रोडगे लागले. समोर तोच डोंगर. वावर दिसलं का, बाबांनी विचारलं.

"नाई दिसलं," आई रोडगा उलटत म्हणाली. "पुढच्या साली तुमी चाला संगं. दोघं मिळून पाहू."

गुडघ्याचं तिनं नावही काढलं नाही. बाबांनी डोंगराकडे पाहिलं.

"जाऊ," ते म्हणाले.