पिंपळाखालची खोली

घरामागे दोन खोल्या काढून भाड्याने द्यायच्या, हे माझ्या बायकोनं ठरवलं होतं. मी नको म्हणत होतो. उभा जन्म एसटीच्या स्टेअरिंगवर गेला, मागे गाडीभर लोकांची कटकट ऐकत. रिटायर झाल्यावर घरात तरी माणसाला शांतता पाहिजे की नाही? पण आम्हाला मूलबाळ नाही. ती म्हणाली, "अजी, आंगनात कोनी तं बोलाले पाह्यजे. तुमी तं बोलतच नाई, वरडता."

झालं. खोल्या बांधल्या, भाडेकरू आले आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. नळ गळतो, मोटर पाणी उचलत नाही, संडास तुंबला, कूलरच्या पाण्यानं भिंत ओलावली. चंद्रपूरचा मे महिना, दाराबाहेर डोकं काढवत नाही, आणि दारात कोणीतरी उभं. "काका, पंखा फिरून नाई राह्यला." मी आतूनच गरजायचो, "मंग मी फिरवू काय हातानं?" बायको मला डोळे दाखवून बाहेर जायची. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "हाव बाई, उद्या पाहू. आधी चहा घे." चहात अर्धी तक्रार विरघळायची. उरलेली अर्धी ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडून दुरुस्त करून घ्यायची.

बरेच भाडेकरू आले नि गेले. शेवटी एक नर्स आली, नवरा आणि लहानशी मुलगी घेऊन. मूळची तिकडं जंगलातल्या एटापल्लीकडची. तिनं गावाचं नाव सांगितलं तसं मी म्हणालो, "म्हणजे नाल्यापलीकडचं ना? पावसाळ्यात माझी गाडी तिथंच अडकून राहायची." ती नर्स पोरगी हसली. तिच्या गावाला ओळखणारा घरमालक तिला आजवर भेटला नव्हता म्हणे. मी तिला चाव्या देऊन टाकल्या.

त्याच सुमारास त्या खोल्यांच्या छताला पिंपळ फुटला. पाखरानं टाकलेलं बी, स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यात रुजलं. दोन पानं होती तेव्हाच चिमटीनं उपटलं असतं तर काम संपलं असतं. पण आम्ही बौद्ध माणसं. बायको सकाळी वंदना झाली की लोटाभर पाणी घेऊन गच्चीवर जायला लागली. मी खालून ओरडलो, "भितीले पानी घालून राह्यली काय?"

"भितीले नाई. बोधिवृक्षाले," ती वरून म्हणाली.

जगात असा घरमालक कुठं पाहिला का, जो आपल्याच भिंतीत मुळं घुसावी म्हणून पाणी घालतो? पुढच्या पावसात मुळांच्या वाटेनं पाणी उतरलं, ते थेट नर्सच्या पलंगावर. भिंतीला बुरशी धरली. मुलगी खोकायला लागली. त्यांनी पलंग सरकवला, खाली बकेट ठेवली. तक्रार एकदाच केली, तीही हळू आवाजात. मग चहा झाला.

उन्हाळ्यात मिस्त्री बोलावला. तो वर गेला नि हात जोडून खाली आला. "भाऊ, पिंपळ आहे. मुंजा राह्यते त्याच्यात. मी हात नाई लावत." मी म्हटलं ठीक, आपल्या वस्तीतला आणू. तो वर गेला, त्यानंही हात जोडले. "आपलाच बोधिवृक्ष, भाऊ. मी कसा उपटू?" माझं टाळकं सरकलं. "अरे बाप्पा, या घरात मानसं राह्यतेत का झाडं?" त्यानं मान खाली घातली आणि खोडाला जरासुद्धा धक्का न लावता भोवतीनं सिमेंट लिंपलं. पिंपळानं ते महिन्याभरात फोडलं. मी ताडपत्री बांधली, ती माकडांनी फाडली.

आणि मग बायकोला कॅन्सर निघाला. नागपूरच्या वाऱ्या झाल्या, मशीनखाली झोपवून झालं, शेवटी डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं.

माझी बायको लाजाळू फार. मलाही तिनं कधी पाठ चोळू दिली नव्हती. त्या नर्सला मात्र ती लेकरासारखी शरण गेली. पोरगी ड्यूटीवरून यायची, तोंड धुवायची नि आमच्याकडे. इंजेक्शन द्यायची, अंग पुसायची, उरलेल्या चार केसांची वेणीसुद्धा घालायची. दोघी काय बोलायच्या देव जाणे, पण आतून हसण्याचा आवाज यायचा. मी दाराबाहेर खुर्ची टाकून तो ऐकत बसायचो.

पाऊस तोंडावर आला तसा तिचा नवरा माझ्याकडे आला. मान खाली. "काका, पोरीचा खोकला जात नाई. ओल सोसत नाई तिले. दुसरी खोली पाहून राह्यलो." मला रागच आला नाही. ही गेली तर माझ्या बायकोला कोण हात लावणार? ती कोणाला लावू देणार?

मी कोयता घेतला आणि बायकोच्या खाटेशी गेलो. "आज मी तो पिंपळ काढतो. पाप लागलं तं मले लागन."

तिनं कोयत्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ज्या पोरीनं माहं सारं केलं, तिच्या आंगावर पानी पडू देऊ नका. अन् झाडही तोडू नका. मी वाढवलं ते."

"अवं, दोन्ही कसं जमन?" मी ओरडलो. बाईच्या अंगात प्राण उरला नव्हता आणि मी तिच्यावर ओरडत होतो.

ती हसली. "तुमीच पाहा. एवढी गाडी चालवली जंगलातून."

कोयता मी जागेवर ठेवला. नवी ताडपत्री आणली, तारेनं करकचून आवळली, वर विटा ठेवल्या. नर्सनं नवऱ्याला काय समजावलं कोण जाणे, पण ती थांबली. पावसात पाणी पडतच होतं. मुलीला ते आमच्या समोरच्या खोलीत, माझ्या बायकोच्या खाटेशेजारी निजवायचे. बायको तिच्या केसांवर हात ठेवून पडून असायची. पोळ्याच्या आधीच ती गेली. तेव्हाही तिच्या उशाशी नर्स होती. मी बाहेर बकेट रिकामी करत होतो.

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. घर इतकं मोठं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. चालताना माझ्याच चपलांचा आवाज यायचा. दोन दिवसांनी नर्सचा नवरा पुन्हा आला, पुन्हा मान खाली. त्यांना दुसरी खोली मिळाली होती.

"त्यायले नाई सांगून दे," मी म्हटलं. "तुमी समोरच्या घरात या. मी मागं जातो."

पोरगी पळत आली. "काका, असं कसं? हे काकूचं घर आहे."

"तुह्या काकूनंच सांगतलं." खोटं नव्हतं ते. तिनं फक्त कसं करायचं ते सांगितलं नव्हतं. पोरगी दाराशी बसून हुंदके देऊन रडली. मीही रडलो. लाज कसली त्यात?

आता मागच्या खोल्यांत मी राहतो. पलंग सरकवून ठेवलाय, बकेट जागेवर आहे. भिंतीत मुळाची भेग वितीएवढी रुंद झाली आहे. जास्तच गळायला लागलं की मी अंगण ओलांडून जातो आणि ओरडतो, "छत गळून राह्यलं! कोनी पाह्यते का नाई?"

पोरगी पदराला हात पुसत बाहेर येते. "हाव काका, उद्या पाहू. आधी चहा घ्या."

हे ती कोणाकडून शिकली ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. मी मुकाट्यानं कप घेतो. त्या घरात तिची मुलगी आता खोकत नाही.

उन्हाळ्यात सकाळी लोटा घेऊन मी गच्चीवर जातो. गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत. पिंपळ माझ्या कमरेच्या वर गेला आहे. परवा पाणी घालताना आजूबाजूला कोणी नाही असं पाहून घेतलं आणि म्हणालो, "पाह्य, दोन्ही केलं. आता तं बोल."