दाराची फट

बावीस वर्षं झाली, मी चाकणच्या एका कारखान्यात मोटारींची दारं तपासतोय. हातमोजे घालायचे, पत्र्यावरून तळवा फिरवायचा, जरा कुठं खोलगट लागलं की दाराला लाल टॅग. दाराची फट मोजायला खिशात पातळ पोलादी पात्यांचा जुडगा असतो. मला बघितलं की लाइनवरची पोरं नाकं मुरडतात, आले राव, आता दहा दारं परत जाणार. मला याचा भारी अभिमान होता, आणि तोच नडला.

एक गोष्ट मात्र मी कंपनीत कधी कुणाला कळू दिली नाही. मला गाडी चालवता येत नव्हती. मोशीतून कंपनीची बस मिळायची, घरी मोटारसायकल होती, अडत काहीच नव्हतं. पण जन्मभर दारं तपासणारा माणूस स्टिअरिंगला घाबरतो म्हटल्यावर लोक हसणारच ना? त्याची लाज वाटायची.

बायको बालवाडीत शिकवते. तिनं मला न विचारता भोसरीतल्या एका चाचांकडे ड्रायव्हिंगचा क्लास लावला, आणि एक दिवस लायसन्सच माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. मी झकास म्हणालो आणि आमटी मागितली.

तेव्हापासून तिनं छोट्या गाडीचा धोशा लावला. मोठी नको, थाटाची नको, दोघांपुरती. रविवारी देहूला जाऊन यायचं, पावसात बालवाडीत कोरडं पोचायचं, बस्स. मोटारसायकलवर माझ्या मागं बसली की सिग्नलला, गतिरोधकाला तिचा डावा पाय आपोआप दाबला जायचा आणि चपलेचं टोक माझ्या टाचेला लागायचं. बसल्या बसल्या क्लच दाबायची ती. अगं, गाडी मी चालवतोय, म्हणून मी वैतागायचो. ती हसायची, आणि पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तेच.

शेवटी एका शनिवारी शोरूमला गेलो. सेल्समननं किल्ली अर्थातच माझ्यापुढं धरली. गुडघा धरलाय, अशी मी थाप मारली. तिनं पटकन हात पुढं केला आणि मी मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसलो. स्पाइन रोडला ट्रक काय, रिक्षा काय, कुठं म्हणून गचका नाही. मॅडमचा हात बसलाय, असं सेल्समनही म्हणाला. आरशात तिचा चेहरा दिसत होता. लग्नातसुद्धा मी तिला एवढी खूश बघितली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. झाली जळजळ. खरं तेच सांगतो, आता लपवून कुणाचं भलं होणार आहे?

परत आल्यावर मी शोरूममध्ये, सगळ्यांदेखत, खिशातून हातमोजे काढले. दारावरून तळवा फिरवला. मग पाती काढून फट मोजली, वर कमी, खाली जास्त. पत्रा अंगठ्यानं दाबून दाखवला, कसा लवतोय बघा म्हणालो. सेल्समन कसनुसा हसत राहिला आणि मी शहाणपण पाजळत राहिलो. ती किल्ली हातात धरून उभी होती. मग तिनं ती काउंटरवर ठेवली. बाहेर मी मोटारसायकल काढत होतो तेव्हा एवढंच म्हणाली, "दाराकडं कोण बघतंय हो? मला चालवायची होती."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

पुढं काय कमी फाटे फोडले मी? नवं मॉडेल येऊ दे. चाकणचा रस्ता होऊ दे. सोसायटीतली पार्किंगची भांडणं मिटू देत. ती दर दिवाळीला विचारायची, एका दिवाळीला नाही विचारलं. मला हायसं वाटलं.

मग कधीतरी मोशीच्या चौकात मोटारसायकलवर सिग्नलला थांबलो होतो, ती मागं बसलेली. शेजारच्या छोट्या मोटारीत तिच्याच वयाची एक बाई स्टिअरिंगवर होती. मी टाचेशी चपलेची वाट बघितली. काही लागलं नाही. वळून पाहिलं तर बायको भलतीकडेच, कुठल्याशा फलकाकडं बघत होती. हे केव्हापासून बंद झालं होतं कुणास ठाऊक. केसाएवढी फट ओळखणारा मी, मला पत्ता नव्हता.

त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी गुपचूप त्याच चाचांकडे शिकायला लागलो. गाडी आणायची तर आता माझी भीती मध्ये यायला नको, एवढंच डोक्यात होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "साहेब, मॅडम लई सफाईनं चालवायच्या. आता कुठली गाडी आहे त्यांच्याकडं?" मी चुकीचा गिअर टाकला.

गाडी आणली, तीच, तसल्याच फटीची. सोसायटीच्या आवारात तिच्या हातात किल्ली दिली. तिनं सीट पुढं ओढली, आरसा नीट केला, गाडी सुरू केली. क्लचवरून पाय सुटला आणि इंजिन बंद पडलं. मागून एका स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मग ती खाली उतरली.

"आता नाही जमायचं मला," म्हणाली, रागानं नाही, साधंच. "पाय विसरला सगळं."

मी खूप विनवलं. चाचांकडे पुन्हा जाऊ म्हणालो, रिकाम्या मैदानात नेतो म्हणालो. भीती वाटते हो, म्हणाली. ही तीच बाई, जिनं ट्रकांमधून गाडी गचका न देता काढली होती. चुकलं माझं, असंही म्हणालो. ती म्हणाली, जाऊ द्या, चहा टाकते.

आता रविवारी आम्ही देहूला जातो. मी चालवतो, जीव मुठीत धरून. ती शेजारी बसते, चपला काढून. गतिरोधक आला की माझी नजर खाली तिच्या डाव्या पायाकडं जाते. तो हलत नाही.

"पुढं बघा," ती म्हणते.