धुरात खुललेला उजेड

नाट्यगृह बंद पडलं तेव्हा दिवेवालीच्या वाट्याला तिथले जुने दिवे आणि वायरींची भेंडोळी आली. अर्धं आयुष्य तिनं रंगमंचावर दिव्यांनी सकाळ उजाडवली होती आणि संध्याकाळ मावळवली होती. आता या दिव्यांचं करायचं काय, हे तिला कळत नव्हतं. नवरा टेम्पो चालवायचा. तो म्हणाला, "भंगारात घालू नकोस एवढंच. मला माझ्याच टेम्पोनं ते न्यायला लावशील."

त्याच आठवड्यात सासूबाईंना दम्याचा जोराचा झटका आला. मागच्या गल्लीतल्या संघानं कुठला तरी सामना जिंकला होता आणि दिवस कलल्यापासून फटाक्यांच्या माळा लागत होत्या. दिवेवालीनं खिडक्या लावल्या, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. सासूबाई पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात रोवून श्वास ओढत बसल्या होत्या. जरा बोलता यायला लागल्यावर म्हणाल्या, "सामना ते जिंकले, आणि दम माझा गेला."

दिवेवालीला हसू आलं नाही. तिला चीड आली, आणि त्या चिडीतूनच धंदा सुचला. लोकांना आकाशात रंग हवेत ना, मग ते आपण उजेडाचे देऊ. धूर नाही, कचरा नाही, कुणाच्या छातीवर घाव नाही.

सांगायला सोपं होतं. ती लग्नघरी गेली, दुकानांच्या उद्घाटनांना गेली. सगळीकडे एकच उत्तर. "कल्पना छान आहे हो. पण शेवटी एखादी माळ लावूच ना?" तिनं दम्याचं सांगितलं, घाबरून वळचणीखाली दडणाऱ्या कुत्र्यांचं सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि पुन्हा माळेवर यायचे. पालथ्या घड्यावर पाणी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे तिला पुरतं कळून चुकलं.

अखेर एका क्रीडा मंडळाचे अध्यक्ष तयार झाले. मंडळाचा वर्धापन दिन होता आणि त्यांना काहीतरी नवीन करून दाखवायचं होतं.

"फटाके नकोत, ही माझी एकच अट आहे," दिवेवाली म्हणाली. "माझ्या सासूबाई येणार आहेत बघायला."

"ताई, निश्चिंत राहा. टिकलीसुद्धा उडणार नाही."

खरी अडचण वेगळीच होती. उजेडाचे झोत नुसत्या स्वच्छ हवेत दिसत नाहीत, ते कशावर तरी पडावे लागतात. नाट्यगृहात त्यासाठी धुराचं यंत्र होतं. इथे धूरच नको म्हणून तर सगळा खटाटोप. तिनं रोपवाटिकेतले तुषार उडवणारे नळ आणले, मैदानाच्या कडेनं पाइप टाकला आणि रोज तिन्हीसांजेला नवऱ्याला घेऊन तालीम केली. पाण्याच्या बारीक पडद्यावर निळा, केशरी, हिरवा झोत फिरला की तो टेम्पोच्या टपावर बसून म्हणायचा, "जमतंय. डावीकडचा जरा वर घे."

कार्यक्रमाच्या दिवशी सासूबाई इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. अशा समारंभाला त्या कित्येक वर्षांनी घराबाहेर पडल्या होत्या. भाषणं झाली, मैदानावरचे दिवे मालवले, दिवेवालीनं नळ सोडले आणि नेमका वारा सुटला.

पडदा फाटल्यासारखा उडाला आणि सगळं पाणी पाहुण्यांच्या अंगावर आलं. कुणी चष्मे पुसू लागलं, कुणी खुर्च्या मागे ओढल्या. वर आकाशात काहीच दिसेना. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, आकाश दाखवायला बोलावलंत की आंघोळ घालायला?" दिवेवाली नळ वळवत होती, दाब कमी करून बघत होती. तेवढ्यात अध्यक्षांनी व्यासपीठावरून कुणाला तरी हात केला.

मंडळाच्या इमारतीमागून पहिला बार उडाला. त्यामागून दुसरा, मग माळा, मग बाण. सगळं आधीपासून मांडून ठेवलेलं होतं. अध्यक्षांनी हातचं राखूनच तिला शब्द दिला होता.

धुराचे लोट मैदानावर आले आणि त्यांत तिचे झोत एकदम उजळले. निळ्याचे खांब उभे राहिले, केशरी पंख्यासारखा उलगडला. तालमीत एकदाही इतकं देखणं दिसलं नव्हतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. दिवेवालीनं मुख्य खटका खाली ओढला आणि सगळे दिवे बंद केले. लोकांना वाटलं, शेवट असाच करायचा होता. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

ती पहिल्या रांगेकडे धावली. सासूबाई पदर नाकाशी धरून वाकल्या होत्या. नवऱ्यानं त्यांना उचलून टेम्पोत बसवलं आणि थेट दवाखाना गाठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष फुलांचा गुच्छ घेऊन दवाखान्यातच आले. सासूबाईंच्या नाकाला नळी होती.

"ताई, काल कमाल केलीत. सगळे विचारतायत. पुढच्या वर्षी असंच करू, फटाके आणि तुमचे दिवे जोडीनं."

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"अहो, वारा सुटला. कार्यक्रम पडला असता ना."

"पडू द्यायचा होता. माझा होता तो."

गुच्छ खाटेवर ठेवून अध्यक्ष निघाले. सासूबाईंनी तो बोटानं लांब सारला. फुलांच्या वासानंही त्यांना ठसका लागत असे.

दिवेवालीनं नकार दिला, पण त्यानं काही थांबलं नाही. एका मंडपवाल्यानं स्वतःचे दिवे घेतले आणि जोडीचा तो प्रकार गावभर पसरला. आता कुठेही आनंदाचं काही निघालं की फटाके पूर्वीपेक्षा जास्त उडतात. दिव्यांना धूर लागतो म्हणून. करायला गेली एक आणि झालं भलतंच, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. खिडक्या लावताना ती स्वतःच म्हणते.

तिनं धंदा सोडला नाही, हवेत झोत दाखवायचा नाद मात्र सोडला. सासूबाई आठवडाभर ज्या दवाखान्यात होत्या, त्याच्या आवारात एक उंच पांढरी भिंत आहे. दवाखान्याच्या वर्धापन दिनाला तिनं त्या भिंतीवर उजेड टाकला. रोगी खिडक्यांतून बघत होते. खाली जमलेल्यांपैकी बरेचजण अर्ध्यातूनच निघून गेले. आवाज नाही तर मजा नाही, असं एकानं तिच्या तोंडावर सांगितलं.

सासूबाई बाकावर शेवटपर्यंत बसल्या.

"कसं वाटलं, आई?" तिनं वायर गुंडाळत विचारलं.

"हिरवा जास्त झाला," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू सारखी त्या जाणाऱ्यांकडे काय बघत होतीस? भिंतीकडे बघ. मधेच एक दिवा बंद पडला होता."

दिवेवालीनं तो दिवा उघडला. आतला बल्ब जळला होता आणि तसला आता बाजारात मिळत नव्हता. तिनं तो काढून बाजूला ठेवला. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, टेम्पो जवळ घ्या. हे बाकीचे भरू या. पुढच्या वेळी एवढ्यांवरच भागवू."