कोपऱ्यातला आकडा

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं, त्याला चार महिने झाले होते. पाय सावरला, हात मागे राहिला. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू ते फेकून द्यायचे. "मी काय बारकं पोर हाय व्हय?" तीस वर्षं कारखान्यात लेथ मशीन चालवलेला माणूस, चेंडू कशाला दाबेल! फिजिओथेरपीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, येत्या दोन-तीन महिन्यांत बोटांना काम मिळालं तर ठीक, नंतर अवघड आहे.

कॉम्प्युटरवर गाडी चालवायची गेम ही माझी कल्पना. भावाने डिप्लोमाला असताना घेतलेला सेकंडहँड कॉम्प्युटर, चार जीबी रॅम, ग्राफिक्स कार्डाचा पत्ता नाही. मी शहाणीने आधी नवी झगमगीत रेस डाउनलोड केली. ती सुरूच होईना. मग एक जुनी ट्रकची गेम सापडली. आप्पांनी बाणांच्या बटणांवर बोटं ठेवली आणि बोटं चक्क हलली. पण वळणावर चित्र अडकलं, ट्रक कठड्यावर गेला. "हातच चालंना माझा," म्हणत ते उठले, ते दोन दिवस त्या खोलीत फिरकले नाहीत.

असा संताप आला मला त्या डबड्याचा! मी महाळुंग्याला एका कंपनीत क्वालिटीला, पार्ट तपासायला आहे. पार्ट रिजेक्ट व्हायला लागले की एका वेळी एकच सेटिंग बदलायचं, चालवून बघायचं, रीडिंग लिहायचं, ही आमची पद्धत. पहिली शिफ्ट करून आले की वही घेऊन तेच करायचे. सावल्या बंद केल्या, थोडा फरक. ट्रकचे आरसे बंद, रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या कमी. रिझोल्यूशन उतरवलं तेव्हा झाडांचे ठोकळे झाले, पण ट्रक बरा पळायला लागला. शेवटी सेकंदाला किती चित्रं येतात तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात लावला. रीडिंग समोर दिसलं पाहिजे, ही कामावरची सवय. आप्पांना म्हटलं, "हा तीसच्या खाली गेला की दोष मशीनचा, तुमच्या हाताचा नाही."

ते त्यांना पटलं. रोज बसायला लागले. ट्रक धडकला की मी लगेच म्हणायची, "मशीन अडकलं बघा." कधी ते खरं असायचं, बरेचदा नसायचं.

एका रविवारी सकाळी ट्रक वळलाच नाही, सरळ कठड्यात घुसला. "अडकलं," मी म्हणाले. आप्पा आकड्याकडे बघत होते. चाळीस.

आता हे उठणार आणि पुन्हा बसणार नाहीत, असं मला वाटलं.

"तुला म्हाईत होतं?"

"हो."

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं, आप्पा."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "खराब पार्टाला ओके म्हणतीस व्हय कंपनीत?"

मला रडू आवरेना. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, एकेक बोट बटणावर ठेवलं.

"लाव परत. आन आता तू बोलू नगंस."